जळालेल्या वळकट्या, विकलेल्या सुया

प्लेगच्या वर्षांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या लेखनात माणसे जितकी ठळक दिसतात तितक्या वस्तू दिसत नाहीत. रँड दिसतो, चापेकर बंधू दिसतात, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला दिसतो; घरातून ओढून काढून पेटवलेल्या वळकट्या, गोधड्या आणि कपड्यांची बोचकी यांचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात येतो आणि संपतो. आम्ही येथे त्या वळकट्यांपासून आरंभ करीत आहोत. रोग्याच्या अंगाला लागलेली वस्तू धोक्याची असते आणि तिचे काय करायचे हे घरधनी नव्हे, तर सरकार ठरवील, हा विचार आपल्या शहरांच्या अंगवळणी पडण्याची सुरुवात तेथे आहे. आज रुग्णालयांच्या मागच्या दारातून पिवळ्या-तांबड्या पिशव्यांत जे बाहेर पडते आणि ज्याला कायद्याच्या भाषेत 'जैववैद्यकीय कचरा' असे काहीसे अवघड नाव आहे, त्याचा इतिहास लिहायचा तर या होळ्यांना वगळता येणार नाही.

वस्तूंमधून रोग पसरतो ही समजूत अर्थात इंग्रजांनी आणलेली नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात काही रोग एकापासून दुसऱ्याला कसे होतात हे सांगताना स्पर्श, श्वास, सहभोजन यांच्याबरोबरच एका शय्येवर निजणे आणि दुसऱ्याची वस्त्रे, माळा, उटणी वापरणे यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे वस्तूचा संसर्ग शास्त्रकारांना ठाऊक होता. व्यवहारात मात्र या ज्ञानावर दुसऱ्याच एका कल्पनेची दाट छाया पडली, ती विटाळाची. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले की एक फरक लक्षात येतो. संसर्ग वस्तूतून धुऊन, उकळून, जाळून काढता येतो. विटाळ वस्तूवरून निघतो तो ती उचलणाऱ्या माणसावर जाऊन बसतो आणि तेथून हलत नाही. बाळंतिणीच्या खोलीतली मळकी वस्त्रे, वार, रक्ताने भिजलेली फडकी यांची विल्हेवाट बहुधा सुईण लावी, आणि ते काम तिच्या जातीचे लक्षण ठरे. तिचे हात स्वच्छ आहेत की नाहीत हा प्रश्न दुय्यम होता. ती कोण आहे, याचे उत्तर आधीच मिळालेले असे.

युरोपात ही गोष्ट उलट्या बाजूने घडली. १८४६ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत त्या पहिल्या प्रसूतिकक्षात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या दुसऱ्या कक्षात हे प्रमाण तिनाच्याही आत होते. शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून डॉक्टर सरळ बाळंतिणीकडे येत. त्यांच्या हातांवरून प्रेताचे कण येतात असे इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये मांडले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षी पहिल्या कक्षातले मृत्यू शेकडा सव्वाच्या आसपास आले. तरीही त्याचे म्हणणे मान्य व्हायला त्याच्या मृत्यूनंतरची वर्षे जावी लागली. प्रतिष्ठित माणसाच्या हातावर घाण असू शकते, हे स्वीकारणे त्या विद्वानांना जड गेले. आमच्याकडे हीन मानलेल्या हातावर घाण गृहीत धरली जाई, तिकडे थोर मानलेल्या हातावर ती नाकारली जाई. हात तपासून पाहण्याची गरज दोन्हीकडे वाटली नाही.

आता प्लेगकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. जंतू सापडला होता, पण तो कोणत्या वाटेने माणसात येतो हे सापडले नव्हते, आणि या दोन शोधांच्या मधल्या काळातच सरकारची सगळी कारवाई झाली. जंतू जमिनीत असेल, भिंतीत असेल, कपड्यांत असेल, म्हणून फरशा उखडल्या गेल्या, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली गेली, गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अद्याक्षरे रंगवली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि या सर्व गोष्टींना अधिकृत बळ मिळाले. पुण्यात १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या चालल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते सांगायला नको.

या झडत्यांविरुद्धचा रोष आपण सहसा देवघरात शिरलेल्या बुटांच्या आणि स्त्रियांच्या अपमानाच्या अंगाने वाचतो. ते खरेच आहे. पंडिता रमाबाईंसारख्या, सनातन्यांशी आयुष्यभर भांडलेल्या बाईंनीही प्लेग-रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध १८९७ मध्ये वृत्तपत्रात पत्र लिहिले होते. पण त्याबरोबरच एक साधा आर्थिक आघातही होता. चाळीतल्या गिरणी-कामगाराची सगळी इस्टेट म्हणजे एक वळकटी, दोन भांडी आणि एक पेटी. ती वळकटी जळाली की पुढच्या थंडीत पांघरायला काही उरत नसे. सरकारच्या लेखी जो कचरा होता, तो त्याच्या लेखी संसार होता. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी-कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, तो केवळ अज्ञानापोटी असे म्हणणे आम्हांला सोयीस्कर वाटत असले तरी पुरेसे वाटत नाही.

आणि या जाळपोळीचा उपयोग किती झाला? १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे प्रयोगाने दाखवले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ते मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या आयोगाने गिनिपिगांवर पद्धतशीर प्रयोग केले, तेव्हा कोठे पिसू आणि उंदीर यांच्यावर शिक्कामोर्तब झाले. गोधड्या जाळल्याने त्यांतल्या पिसवा मेल्या असतील, त्यामुळे आग अगदीच वाया गेली असे नाही. पण खणलेल्या फरशांखालून आणि पाणी सोडलेल्या गटारांतून उंदीर शेजारच्या घरात पळत होते. आगीचा रोख वस्तूंवर होता, आणि रोग चार पायांनी शेजारी गेला होता.

या सर्व काळात कचरा उचलणारे कोण होते? मुंबईत त्यांना हलालखोर म्हणत. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्यासमोरची त्या हिवाळ्यातली सर्वांत मोठी भीती प्लेगाची नव्हती. शहर सोडून जाणाऱ्या लाखो लोकांबरोबर हलालखोरही निघून गेले तर मुंबई राहण्याजोगीच उरणार नाही, ही होती. सुरुवातीचे कडक नियम शिथिल करण्यामागे हे एक कारण होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्यांच्यावाचून महानगर एक आठवडाही चालणार नाही, हे नगरपालिकेच्या दप्तरात इतक्या उघडपणे नोंदले जाण्याचे प्रसंग फार नाहीत. कामगार-चळवळीच्या अभ्यासकांनी या नोंदीकडे पाहिले आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहायला हरकत नाही. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. हाताने रोग्याला उचलणे ही तेव्हा दोन अर्थांनी धोक्याची गोष्ट होती, आणि त्यांनी दोन्ही अर्थ ठाऊक असताना ती केली.

वळकटीकडून सुईकडे जाणारी वाटही प्लेगातूनच जाते. वाल्डेमार हाफकिन याने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लाखो लोकांना ती दिली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला पद सोडावे लागले. पुढे चौकशीच्या कागदांतून निघाले ते असे : बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचेच नाव दिले गेले.

आमच्या मते या विषयाच्या इतिहासात मुलकोवालच्या चिमट्याचे स्थान पुण्याच्या होळ्यांहून मोठे आहे. चिमटा घाणेरडा दिसत नव्हता. त्याला वास नव्हता. तो अस्पृश्य नव्हता. तो डॉक्टरच्या पेटीतला चकचकीत चिमटा होता. धोका कोठे असतो याविषयीच्या आपल्या साऱ्या जुन्या खुणा तेथे निरुपयोगी ठरतात. इंजेक्शनाच्या सुईच्या बाबतीत विसाव्या शतकाने हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर, फार महागात गिरवला. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून सुमारे तीन दशके शिस्टोसोमायसिस या जंतविकाराविरुद्ध सरकारी मोहीम चालली. रोगी रांगेत बसत, काचेच्या पिचकाऱ्या घाईघाईने उकळून पुन्हा वापरल्या जात. मोहिमेचा हेतू निर्मळ होता. पण तिच्यातून 'क' प्रकारची कावीळ देशभर पसरली आणि इजिप्त त्या रोगाच्या सर्वाधिक प्रमाणासाठी ओळखला जाऊ लागला. आपल्याकडच्या मध्यमवयीन वाचकांनाही ती स्टीलची डबी, तिच्यातले उकळते पाणी आणि कंपाउंडरचा चिमटा आठवत असेल. पाणी किती वेळ उकळले, हे रोगी विचारीत नसे.

प्लास्टिकची, एकदाच वापरायची सिरिंज आली तेव्हा हा प्रश्न मिटला असे वाटले. प्रत्यक्षात तो कचऱ्याच्या डब्यात गेला. काचेची पिचकारी दवाखान्याची मालमत्ता होती. प्लास्टिकची सिरिंज वापरताक्षणी बेवारशी होते. आणि बेवारशी प्लास्टिकला आपल्या देशात भाव असतो. भंगारात ती वजनावर जाते, तिथपर्यंतही ठीक. पण धुऊन, नव्या वेष्टनात घालून ती पुन्हा दुकानात आली तर वजनाच्या कितीतरी पट पैसे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २००० साली दूषित इंजेक्शनांमुळे जगात 'ब' काविळीची २ कोटी १० लाख, 'क' काविळीची २० लाख आणि एचआयव्हीची २ लाख ६० हजार नवी लागण झाली. २००९ च्या आरंभी गुजरातेत, तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात, 'ब' काविळीची साथ आली. डझनांनी माणसे मेली. खासगी दवाखान्यांतून सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या जात असल्याचे तपासात निघाले, आणि भंगाराच्या गोदामांतून वापरलेल्या सिरिंजांचे ढीग सापडले.

१८९७ आणि २००९ ही दोन वर्षे आम्ही मुद्दाम समोरासमोर ठेवीत आहोत. पुण्यात सरकारने गरिबाचा माल कचरा ठरवून जाळला. मोडाशात कचऱ्याचाच माल झाला. पहिल्या वेळी भीती गरजेपेक्षा जास्त होती, दुसऱ्या वेळी ती नव्हतीच. तेव्हा कायद्याचा अभाव होता असेही नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २० जुलै १९९८ रोजीच लागू झाले होते. त्यांत वापरलेली सुई मोडून, सिरिंज कापून निकामी करण्याची सोय होती. धोकादायक वस्तू नष्ट करण्याआधी ती विकण्यालायक राहू द्यायची नाही, हे या नियमांतले सर्वांत शहाणपणाचे कलम आम्हांला वाटते. त्याच्यामागे जंतुशास्त्राइतकेच बाजाराचेही ज्ञान आहे.

कायदे बहुधा भीतीतून होतात, हे मात्र खरे. अमेरिकेत १९८७-८८ च्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर सिरिंजा वाहून आल्या. एड्सच्या धास्तीचे दिवस होते. किनारे ओस पडले, आणि १९८८ मध्येच वैद्यकीय कचऱ्याचा माग ठेवणारा कायदा झाला. किनाऱ्यावर आलेल्या एकूण कचऱ्यात वैद्यकीय वस्तू थोड्याच होत्या. पण सुई ही अशी वस्तू आहे की ती एक दिसली तरी वाळू दिसेनाशी होते.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक आडवळण घ्यावेसे वाटते. या पिशव्यांवर तीन चंद्रकोरी एकमेकींत गुंतल्यासारखे जे चिन्ह असते, ते १९६६ मध्ये डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. अनेक आकृत्या लोकांना दाखवून त्यांनी दोन प्रश्न विचारले : हिचा अर्थ काय वाटतो, आणि काही दिवसांनी, यांतली कोणती आठवते? जी सर्वांत जास्त आठवली आणि जिचा अर्थ सर्वांत कमी लोकांना काही सांगता आला, ती निवडली गेली. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते हे आपण भाषाविज्ञानाच्या वर्गात शिकतो. येथे यादृच्छिकता हीच निवडीची अट होती. जुन्या अर्थाचा लवलेशही नको होता. विटाळाच्या बरोबर उलट, असे म्हणावे का? असो.

नियमांची आजची चौकट २०१६ ची आहे. जुन्या दहा वर्गांऐवजी चार रंग आले. शरीराचे अवयव, रक्ताने भिजलेला कापूस, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, नळ्या, हातमोजे, सुईविना सिरिंज तांबड्यात, सुया आणि पाती पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात, काच निळ्यात. पिवळे बहुतेक भट्टीत जाते. तांबडे १२१ अंशांवर दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून चिरडले जाते आणि मग त्याचे प्लास्टिक पुन्हा वापरता येते. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक ठेवायचा नाही. हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी आहे तो वाटतो त्याहून थोडा असतो : रुग्णालयाच्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के हा तुमच्या-आमच्या घरच्यासारखाच केर असतो आणि १५ टक्के घातक. पण ते दोन्ही एका डब्यात पडले की शंभर टक्के घातक होतात. म्हणून वर्गीकरण पलंगाशेजारी, कचरा निर्माण होतो त्या क्षणी व्हावे लागते. नंतर ते करायला कोणाला तरी त्यात हात घालावा लागतो.

आणि हात घातल्यावर काय होते, याचे आकडे ठाऊक आहेत. संसर्ग झालेल्या रुग्णाची सुई टोचली गेली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, 'क' काविळीची शंभरात दोनाच्या आत; पण लस न घेतलेल्याला 'ब' काविळीची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. लोक धसका घेतात तो एचआयव्हीचा, आणि ज्या रोगावर स्वस्त लस आहे तोच शंभरपट सहज लागतो. २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन लसी देणे बंधनकारक केले आहे : एक 'ब' काविळीची, दुसरी धनुर्वाताची. मुलकोवालचा उल्लेख त्या नियमांत कोठे नाही, साहजिकच.

जाळणे हाही निर्दोष उपाय नाही. क्लोरीनयुक्त प्लास्टिक कमी तापमानावर जळाले की डायॉक्सिने तयार होतात, म्हणून आजच्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात हजार अंशांच्या वर उष्णता राखावी लागते. मुंबईत १९२७ पासून शहराचा केर ज्या देवनारला जात आला, त्याच परिसरात रुग्णालयांच्या कचऱ्याची भट्टीही आली. गोवंडीच्या रहिवाशांनी तिच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ मध्ये ती दोन वर्षांत हलवावी असे न्यायालयाने सांगितले. मलबार हिलवर अशी भट्टी उभारण्याची सूचना कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा १८९७ ची सावली पुन्हा दिसली, आणि तोच साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला. रुग्णाच्या खोलीतून आलेली प्रत्येक वस्तू, जेवणाचे ताट, फळांच्या साली, पाण्याच्या बाटल्या, सारे पिवळ्या पिशवीत जाऊ लागले आणि भट्ट्या अपुऱ्या पडल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला जुलै २०२० च्या सुधारित सूचनांत हे सर्व संसर्गजन्य नव्हे असे स्पष्ट करावे लागले. या विषाणूचा मुख्य प्रवास हवेतून होतो, वस्तूंवरून क्वचितच, हे पुढे स्थिरावले. या वेळी सुधारणेला चार-पाच महिने लागले, प्लेगच्या वेळी दहा वर्षे.

आता रुग्णालयाच्या भिंतीबाहेरचा भाग राहतो, आणि तो वाढतो आहे. मधुमेहाचे रोगी घरी इन्सुलिन टोचून घेतात, म्हाताऱ्या माणसांचे डायपर आणि जखमांच्या पट्ट्या घरच्या केरात जातात. घरकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळ्या काढायला सांगितल्या होत्या. पण त्या वर्गीकरणापर्यंत पोहोचायच्या आधी त्या कचरा वेचणारीच्या हातापर्यंत पोहोचतात. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. या बायकांनी एक साधी मागणी लावून धरली : वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्या पुडक्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते आम्ही उघडणार नाही. सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली, तिच्यावरही खूण. ज्या शहरात सरकारी पथके लोकांच्या घरांवर आणि सामानावर खुणा करीत फिरली होती, त्या शहरात कचरा उचलणारी बाई दारात उभी राहून घरमालकिणीला खूण करायला सांगते. काही सोसायट्यांत ठिपका काढला जातो. बऱ्याच ठिकाणी अजून पुडके उघडून पाहावे लागते.